तात्यांचं वरचं रान आणि लंकेतलं तळं

केरबातात्यांचं नाव आधी घेतो, मग श्रीलंकेकडे वळतो. त्यांनी मला अंबाजोगाईच्या कॉलेजात नेऊन उभं केलं नसतं, तर श्रीलंका मला नकाशात भारताच्या खाली लटकलेला एक तुकडा म्हणूनच माहीत राहिली असती.

माझे वडील तात्यांकडे सालगडी होते. बारावीला मी इंग्रजीत नापास झालो तेव्हा वडील म्हणाले, "आता ये कामावर." तात्या ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "परत बसू दे त्याला. पेपरात पडला, हिरीत न्हाई पडला." दुसऱ्या वेळी पास झालो. मग तात्या स्वतः माझी पत्र्याची पेटी घेऊन एसटीत बसले. होस्टेलच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं, "तुम्ही मुलाचे कोण?" तात्या चौथी शिकलेले. त्यांनी जराही विचार न करता सांगितलं, "पालक." माझं शिक्षण त्यांच्या वरच्या रानातल्या मोसंबीच्या बागेवर झालं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच.

निघण्याआधी

गावाचं नाव लिहीत नाही. दिंद्रुडच्या रस्त्याला एक लहानसा तलाव लागतो, त्याच्या पायथ्याचं गाव, एवढं पुरे. बी.एस्सी. झालो, नोकरी लागली नाही, म्हणून गावातच दूध संकलन केंद्र चालवतो. तलावाच्या कालव्यावर शेतकऱ्यांची सहकारी पाणीवापर संस्था आहे. "शिकलेलं पोरगं हाय, याला चेअरमन करा," असं म्हणून तात्यांनीच मला तिथं बसवलं.

त्या वर्षी तलाव भरलाच नाही. होतं त्यातलं बरंचसं पाणी सरकारनं पिण्यासाठी राखून ठेवलं. उरलेलं थोडं संस्थेच्या हातात आलं. त्याचं काय करायचं यावर गाव मधोमध फाटलं. कालव्याच्या तोंडाशी, तलावाला लागून जे वरचं रान आहे, तिथं मोसंबीच्या बागा आहेत. सगळ्यांत मोठी तात्यांची, आणि तिच्या खाली त्यांचं थोडं मोकळं रानही. पाण्याची एक भरपूर पाळी मिळाली तर बागा पावसाळ्यापर्यंत तग धरणार. कालव्याच्या शेवटाला जे आहेत त्यांच्याकडे बागा नाहीत, पण प्रत्येकाच्या दारात दोन-चार जनावरं आहेत आणि चारा संपलेला आहे. त्यांना त्याच पाण्यावर कडवळ पेरायचं होतं. गंमत अशी, की कालवा इतका झिरपतो की एवढंसं पाणी शेवटापर्यंत पोचणारच नाही. म्हणजे चारा करायचा तर तोही वरच्याच रानात करावा लागणार. आणि ते रान त्यांचं नाही.

संस्थेचे निम्मे संचालक वरचे, निम्मे खालचे. मतं समसमान पडली की चेअरमनचं मत निर्णायक. मी स्वतः खालचा. मला शिकवलं वरच्या बागेनं.

अशात पुण्याच्या एका संस्थेचं बोलावणं आलं. जुन्या तळ्यांवर काम करणारी ती माणसं काही पाणीवापर संस्थांच्या लोकांना श्रीलंकेला नेणार होती. आमच्याकडून दोघे : मी, आणि संचालक म्हणून सुधाकर. सुधाकर हा तात्यांचा मुलगा, माझ्याच वयाचा, लहानपणापासूनचा दोस्त. तिसरा अन्सार आपल्या खर्चानं आला. माजलगावला त्याचा फळांचा व्यापार आहे, तात्यांची बाग दरवर्षी तोच घेतो. "अब्बांना मक्केला उमऱ्याला न्यायचं म्हणून पासपोर्ट काढला, अब्बा म्हणतेत गुडघे बरे होऊ दे," तो म्हणाला. "मग तवर लंका तर लंका."

मीटिंग आम्ही परत आल्यावरच्या शुक्रवारी ठेवली. पारावर कुणीतरी म्हणालंच, "चेअरमन पळाला." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

तळ्याचं गाव

कोलंबोचा समुद्र आम्ही व्हॅनच्या काचेतून पाहिला तेवढाच. आम्हाला जायचं होतं उत्तरेला, तिकडच्या कोरड्या भागात. कोरडा भाग म्हटल्यावर मी मनात आपल्याकडचं माळरान धरून बसलो होतो. पण जाताना नारळाच्या राया संपतच नव्हत्या, आणि त्या विरळ झाल्यावरसुद्धा झुडपं हिरवीच होती.

"ह्याला दुष्काळ म्हणायचं?" सुधाकर म्हणाला. "आपल्या मांजरसुंब्याच्या घाटात आणून उभं करा एकेकाला."

अन्सार म्हणाला, "अरे, त्यांला वाटतंय ना दुष्काळ? वाटू दे. आपल्याइतका माल नसंल त्यांच्याकडं."

आमची सोय गुणपाल नावाच्या निवृत्त शिक्षकांच्या घरी होती. शाळेत ते गणित शिकवायचे. आता शेती करतात आणि गावच्या शेतकरी समितीचे सचिव आहेत. इंग्रजी सावकाश, सुटं सुटं बोलायचे, त्यामुळे मला नीट कळायचं आणि मी ते दोघांना मराठीत सांगायचो. त्यांनी हात जोडून "आयुबोवन" केलं. दीर्घायुषी व्हा, असा त्याचा अर्थ. आत नेऊन बिनदुधाचा चहा दिला आणि सोबत गुळाचा खडा. खडा दाताखाली धरायचा आणि वर चहाचा घोट घ्यायचा. आमच्या अन्सारनं खडा कपात टाकून ढवळला. गुणपालांच्या पत्नी सोमावती तोंडाला पदर नव्हे, हात लावून हसल्या.

संध्याकाळी त्यांनी तळं दाखवलं. बांधावर मोठमोठे अर्जुनाचे वृक्ष, पांढरट गुळगुळीत बुंध्यांचे. एका अंगाला कमळाची पानं. पाणी मात्र फार आत गेलं होतं. मधला गाळ उघडा पडून भेगाळला होता. त्या भेगा पाहून सुधाकर बांधावरून खाली उतरला आणि एकीत हात घालून बघितला. त्या आमच्याकडच्याच होत्या.

"यंदा आमचं तळं इतकंच," गुणपाल म्हणाले. "परवा गावाची बैठक आहे. उन्हाळी भाताचं ठरवायचं आहे. तुम्ही वेळेवर आलात."

मी आणि सुधाकरनं एकमेकांकडे पाहिलं नाही.

मोरी तुंबल्याची गोष्ट

दुसऱ्या दिवशी आमच्यामुळे त्या घरात एक गोंधळ झाला. गुणपालांकडे न्हाणीघरात सिमेंटची टाकी होती, विहिरीच्या पाण्यानं भरलेली. आम्ही तिघांनी सकाळी अंघोळी केल्या. आपल्या सवयीप्रमाणे मोठ्या घमेल्यात उभं राहून. अंगावरून ओघळलेलं पाणी त्यातच साठवायचं. ते पाणी आम्ही दोन बादल्यांत भरून ठेवलं. त्यातल्या एका बादलीत अन्सारनं बनियन भिजवलं, दुसरी संडासासाठी ठेवली. त्याआधी दात घासल्याचं पाणी मी पपईच्या झाडाला नेऊन घातलं. हे सगळं कुणी ठरवून केलं नाही. घरी जे करतो ते हात करत गेले.

आम्ही न्याहारी करून परत येतो तर न्हाणीत एक माणूस पालथा झोपून मोरीत काठी घालतोय. गुणपाल बाजूला चिंतेत उभे.

"माफ करा," ते म्हणाले, "तुम्हाला त्रास झाला. पाणी जात नाही हे तुम्ही मला सांगायचं होतं."

मला आधी कळेना. मग कळलं तेव्हा सांगायची लाज वाटली. मी अडखळत समजावलं : मोरी चांगली आहे, आम्हीच पाणी जाऊ दिलं नाही. काठीवाला उठून बसला आणि हसायला लागला. गुणपाल हसले नाहीत. त्यांनी त्या दोन बादल्यांकडे बघितलं, मग विचारलं, "तुमच्याकडे किती दिवसांनी पाणी येतं?"

मी सांगितलं. टँकर येतो तेव्हा.

त्या दुपारी सोमावतींनी जेवायला केवढं तरी केलं. लाल तांदळाचा भात, फणसाची भाजी, खोबऱ्याची तिखटजाळ चटणी, तळ्यातला मासा, आणि नाचणीची जाड रोटी. अन्सारनं रोटी हातात घेऊन उलटीपालटी केली.

"ही भाकरच हाय. फकस्त थापणारीला मधीच कुणीतरी हाक मारली."

जेवण झाल्यावर फोन आला. तात्यांचा. सुधाकरशी बोलले, मग म्हणाले, "मध्याला दे." मी फोन घेतला.

"कसा हायेस?"

"बरा हाय तात्या."

"जेवाय देतेत का न्हाई?"

"लई देतेत."

"पाणी हाय का तिकडं?"

"आटलंय. पण आपल्याइतकं न्हाई."

"खालच्या अंगाची चार झाडं पिवळी पडलीत," ते म्हणाले. "तुला आठवतेत का, तू तिथं पाटी घिऊन बसायचास, ती."

"आठवतेत."

"बरं. नीट या." फोन ठेवला.

पाळीबद्दल एक शब्द नाही. मीटिंगबद्दल नाही. "मध्या, माझ्याकडं बघ," असं म्हणाले असते तर मी काहीतरी बोललो असतो. त्यांनी मला बोलायला जागाच ठेवली नाही. सुधाकर माझ्याकडे बघत होता. मी फोन त्याच्या हातात दिला आणि मोकळ्या ताटांना हात लावला, तर सोमावतींनी पाहुण्याला ताटं उचलू दिली नाहीत.

विड्याच्या पानांची बैठक

बैठक देवळाच्या सभामंडपात होती. तिथं बुद्धाचं देऊळ. आदल्या दिवशी गुणपाल घरोघरी गेले होते, आम्हीही मागं. प्रत्येक घरी दोन्ही हातांनी विड्याच्या पानांची जुडी द्यायची आणि मगच बोलावणं करायचं. आपल्याकडे विडा जेवणानंतर येतो. तिथं तो आधी येतो. नोटीस चिकटवून सही घेतली की संपलं, असं तिथं चालत नाही. मी आमच्या संस्थेच्या शिपायाकडून अजेंडा पाठवतो, ते मला आठवलं.

लोक जमिनीवर बसले. गुणपालांनी तळ्यात किती पाणी आहे ते सांगितलं. कुणी हुज्जत घातली नाही, कारण जो तो सकाळी स्वतः बघून आला होता. मग ते एक शब्द बोलले आणि सगळ्या मंडपात हालचाल झाली : बेत्मा.

त्यांनी मध्येच थांबून मला समजावलं तसं सांगतो. तळ्यात पाणी कमी असलं की सगळं रान भिजवायचा प्रयत्न करायचा नाही. तळ्याला अगदी लागून असलेला पट्टा तेवढाच पिकवायचा. आणि त्या पट्ट्याचे त्या हंगामापुरते तुकडे पाडायचे. गावातल्या प्रत्येक घराला एक. ज्याची जमीन पार शेवटाला आहे त्यालाही, आणि ज्याचा तो पट्टा आहे त्यालाही तेवढाच एक. हंगाम संपला की तुकडे मोडले, रान ज्याचं त्याला परत.

मी हे मराठीत सांगत गेलो आणि माझा आवाज खाली खाली येत गेला. सुधाकर मांडी घालून बसला होता. त्यानं हळूच एक गुडघा वर घेतला आणि त्यावर हनुवटी ठेवली.

त्या पट्ट्यात एका विधवा बाईचं रान होतं, पोडी मेनिके नावाच्या. बाई वयस्कर, पांढरा झंपर, तोंडात पान. त्या उभ्या राहून बराच वेळ बोलल्या, आवाज चढवून. मला वाटलं, आता मोडलं. सुधाकर म्हणाला, "बघ. ही नाही म्हणतीय."

गुणपालांनी सांगितलं, त्या नाही म्हणत नव्हत्या. गेल्या खेपेला कुणीतरी त्यांच्या रानातला आडवा बांध फोडून ठेवला तो परत घातला नाही, त्याबद्दल शिव्या देत होत्या. आणि यंदा त्यांचा तुकडा घराच्या बाजूला हवा, गुडघे दुखतात म्हणून. ज्यानं बांध फोडला होता तो माणूस तिथंच मान खाली घालून बसला होता. बाजूचे त्याला कोपरानं ढोसत होते.

बैठक उठल्यावर सुधाकर मला म्हणाला, "विचार त्या बाईला. लोकांनी रान परत दिलंच न्हाई तर?"

मी गुणपालांना विचारलं, गुणपालांनी त्यांना. त्यांना प्रश्न कळला नाही. परत विचारला. त्यांनी आमच्याकडे तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं, पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि म्हणाल्या, "कुठं घेऊन जातील?"

सुधाकर हसला नाही. "सातबाऱ्याला पीकपाहणीत नाव लागलं की कूळ म्हणून उभं राहतेत, हे सांग त्यांना." मी सांगायचा प्रयत्न केला. जमलं नाही. पण त्याचं खोटं नव्हतं. आमच्या भागात एकाचं रान दुसऱ्यानं एक हंगाम कसलं की कोर्टात वर्षं जातात, हे मीही पाहिलं आहे.

मग त्यानं स्वतःच, मोडक्या इंग्रजीत, गुणपालांना विचारलं, "ट्रीज? त्या जागी कुणाची झाडं असली तर? गार्डन?"

गुणपाल विचारात पडले. म्हणाले, "भाताच्या रानात इथं कुणी झाडं लावत नाही. तसं कधी झालंच नाही."

"म्हणजे याला तुमच्याकडं उत्तर न्हाई."

"नाही," मी भाषांतर करण्याआधीच गुणपाल म्हणाले. आणि स्वतःहून पुढं सांगितलं, की रस्त्यापलीकडच्या गावात बेत्मा आता होत नाही. तिथं वरची रानं शहरातल्या लोकांनी घेतली, ते बैठकीला येत नाहीत, त्यांना पानं द्यायची तर कुणाच्या हातात द्यायची.

दोरी

दुसऱ्या दिवशी सकाळी तुकडे पाडायला सगळे पट्ट्यात उतरले. आम्ही चपला बांधावर काढल्या. गुणपालांनी दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, पाहुण्याचा मान म्हणून. दुसरं टोक धरून एक माणूस लांब गेला. दोरी ताणली की एकजण फांदीची खुंटी ठोकायचा, की पुढं. दोरी जरा सैल पडली की चारीकडून ओरडा व्हायचा. भांडणही झालं, एकाच्या तुकड्यात खडकाळ जागा आली, मग त्याला कडेची थोडी जागा वाढवून दिली. आपल्याकडच्या मोजणीसारखंच सगळं, फक्त मोजणीदार नाही आणि वकील नाही.

सुधाकर बांधावर उभा राहून बघत होता. मी वर आलो तसा म्हणाला, "दोरी लई गोड लागली चेअरमन."

"काय म्हणायचंय ते सरळ म्हण."

"म्हणायचं काय? आमच्या रानावर टाकायची तालीम करून घेतलीस."

"सुधा, बाग वाळंल हे मला कळत न्हाई का?"

"कळतंय तर मग कावून धरलीस दोरी?" त्याचा आवाज वाढला. "त्या बागेवर तू शिकलास. मी दहावीला घरी बसलो. तात्या म्हनले, मध्याचं डोकं चांगलं हाय, त्याला जाऊ दे, तू रान बघ. मी बोललो का कधी? आजवर एक शब्द काढला का?"

"न्हाई काढलास."

"आन चारा झाला की दूध कुणाच्या केंद्रावर येणार? तुझ्याच ना? चेअरमन गावाचं भलं करायलाय, अन् दुधाचे कॅन बी भरतेत."

हे मला लागलं, कारण यावर मीही रात्रंदिवस विचार केला होता. दूध वाढलं तर माझा फायदा आहेच. मी म्हणालो, "हो, भरतेत. म्हणून खालच्या लोकांच्या गाई बाजारात जाऊ द्यायच्या का?"

अन्सार मध्ये आला. "बस करा बे. ते सगळे थांबून बघायलेत. म्हणत असतील, पाव्हणे पाण्यावरून भांडायला एवढ्या लांब आले."

"खरंच हाय मग ते," सुधाकर म्हणाला.

खालून पोडी मेनिकेंनी हाक मारून काहीतरी विचारलं. गुणपालांनी काय सांगितलं ठाऊक नाही, पण त्यांनी आम्हाला हातानं खाली बोलावलं आणि तिघांना एकेक शहाळं दिलं. भांडण अर्धवट राहिलं. शहाळं पिताना कुणाला भांडता येत नाही, तोंड गुंतलेलं असतं.

सुधाकरनं शहाळं संपवलं आणि विचारलं, "अन्सार, तू सांग. बाग गेली तर तुझा पण धंदा गेला."

"गेला," अन्सार म्हणाला. "तुझ्या बापाची मोसंबी माझ्या दुकानाचं नाक हाय. पण घरी अम्मीची म्हैस पण हाय. तिला काय मोसंबीच्या साली घालू?" मग तो म्हणाला, "मला विचारू नको यार. मला मत न्हाई, हे लई बरं हाय."

त्यानंतर निघेपर्यंत आम्ही तिघे एकत्र फिरलो, डोंगरातली लेणी पाहिली, म्हशीच्या दह्यावर ताडाच्या झाडाच्या रसाची काकवी घालून खाल्ली, फोटो काढले. फोटोत तिघेही हसतोय. पण सुधाकर मला 'मध्या' म्हणायचा तो 'चेअरमन'च म्हणत राहिला.

शेवटच्या दुपारी मी गुणपालांकडे दोन कोरे कागद मागितले आणि त्यांच्या व्हरांड्यात बसून तात्यांना पत्र लिहिलं. ते बरेच वेळा फाडावंसं वाटलं. निघताना गुणपालांनी आम्हाला पानांची जुडी दिली, दोन्ही हातांनी. "तुमच्या बैठकीसाठी," ते म्हणाले. विमानतळावर ती पानं पिशवीतून काढून घेतली गेली.

मांजरसुंब्याला

मुंबईहून जीप केली. पाटोद्याच्या पुढं आलो तसं झाडांवरचं हिरवं सरलं. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहाला थांबलो. इथं पाण्याचा जग टेबलावर ठेवलेला नव्हता; मागितल्यावर पोरगं एकेक पेला आणून देत होतं. आम्ही तिघांनी शेवटच्या थेंबापर्यंत पेले रिकामे केले.

मला इथून एसटीनं बीडला पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात मीटिंगचं पत्र द्यायला जायचं होतं. ते दोघे पुढं गावाकडे जाणार होते. मी पाकीट सुधाकरच्या हातात दिलं.

"काय हे?"

"तात्यांना."

त्यानं पाकीट उलटं केलं. "चिकटवलं न्हाईस."

"तू वाचावंस म्हणून."

"मी वाचणार न्हाई." मग तो ओशाळल्यासारखा झाला. "मलाच वाचावं लागंल. त्यांला जवळचं दिसत न्हाई आता. मोठ्यानं वाचून दाखवावं लागंल."

"मग वाच."

"मध्ये अडखळलो तर?"

"थांब. मग पुढं वाच."

त्यानं पाकीट सदऱ्याच्या खिशात घातलं आणि जीपमध्ये बसला. अन्सारनं खिडकीतून मला हात केला. सुधाकरनं केला नाही, पण खिशावर हात ठेवून बसलेला मला दिसला.

हे लिहितो आहे तेव्हा शुक्रवार अजून यायचा आहे. पत्र असं होतं :

तीर्थस्वरूप तात्यांस,

मधुकरचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही तिघे सुखरूप आहोत. इथलं जेवण तिखट आहे, तुम्हाला आवडलं असतं. लोक आपल्यासारखेच आहेत, तळ्याकडे बघत उठतात.

तात्या, तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही म्हणून लिहितो. मतं समसमान पडली तर मी माझं मत चाऱ्याला देणार आहे. बागेला देणार नाही. हे तुम्हाला मीटिंगमध्ये दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून आधी कळवतो.

इथं पाणी कमी असलं की तळ्याजवळचं रान एका हंगामापुरतं सगळ्या घरांत वाटून घेतात आणि मग ज्याचं त्याला परत करतात. मी स्वतः दोरी धरली. तसं आपल्याकडे व्हावं असं मला वाटतं. तुमचं बागेच्या खालचं मोकळं रान त्यात यावं असंही वाटतं. तुम्ही नको म्हणालात तर मी त्या रानासाठी जबरदस्ती करणार नाही, दुसरं शोधू. पण पाणी तरीही बागेला देणार नाही. सुधाकरची भीती खरी आहे. प्रत्येक घराकडून तहसीलदारासमोर लिहून घेऊ, आणि सगळ्यांत आधी मी देईन.

झाडांचं काय, हे सुधाकरनं इथल्या मास्तरांना विचारलं. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. केंद्रावर कॅन धुतलेलं पाणी निघतं, ते मी रोज बागेत आणून टाकीन. त्यावर सगळी बाग जगणार नाही, हे मला कळतं. कुठली झाडं जगवायची ते तुम्ही दाखवा.

सुधाकर शाळेतून निघाला म्हणून मला पुढं जाता आलं. ते मला आजवर कुणी बोलून दाखवलं नव्हतं. आता तो बोलला ते बरं झालं. हे वाचून दाखवताना तो इथं थांबेल. थांबू द्या.

तुम्ही होस्टेलच्या खिडकीत 'पालक' म्हणालात. तसं म्हणणाऱ्या माणसाच्या विरोधात हात वर करायचा म्हणजे काय, हे मी इथं बसून रोज करून बघतो आहे. हात खांद्याच्या वर जात नाही.

म्हणून एक मागतो. रागानं घरी बसू नका. मीटिंगला या, आणि पहिल्या ओळीत, माझ्या समोर बसा. तुम्ही मागं बसलात किंवा आलाच नाहीत, तर तुमच्या पाठीमागं केल्यासारखं होईल, आणि ते माझ्याच्यानं होणार नाही. तुमच्याकडे बघतच हात वर करीन.

काकूंना नमस्कार.

आपला,
मधुकर